मन्मथमामाच्या डाव्या हाताचं बोट

मन्मथमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत नववीच्या वह्या तपासत बसले होते. मामी एवढंच म्हणाली, "दुकानातच बसल्या बसल्या गेले गं... तू ये." त्या क्षणी मला पहिल्यांदा काय सुचलं असेल, तर तेव्हा मामाच्या हातात पत्ते होते का. माणूस गेल्याचं कळल्यावर असलं काही डोक्यात यावं याची लाज वाटली. पण लातूर येईपर्यंत एसटीत बसून मी त्याच एका गोष्टीचा विचार करत होते.

बारावीला मार्क कमी पडले म्हणून एक वर्ष मला मामाकडे लातूरला ठेवलं होतं. सकाळी क्लास, संध्याकाळी क्लास आणि मधली सगळी दुपार मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात, मागच्या बाजूला पुस्तक उघडून. दोन्हीकडे छतापर्यंत पाइप, पुढे खिळ्यांचे डबे, पाय पसरायला जागा नाही. मार्क कमी पडलेल्या मुलीकडे लोक ज्या नजरेनं बघतात ती नजर चुकवायला तेवढा कोपरा पुरे होता. मामाही तिथंच अडकलेला. त्याचे दोन्ही भाऊ पुण्याला निघून गेले, हा मात्र म्हाताऱ्या आप्पांपाशी, म्हणजे माझ्या आजोबांपाशी, राहिला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो मोबाइलवर पत्त्यांच्या करामती बघायचा. जुगार नाही, जादूही नाही. पत्ते बोटांवर खेळवायचे, पंख्यासारखे उघडायचे, एका हातानं जोड कापायचा, एवढंच. एकदा मी पुस्तकावर मान टाकून बसले होते तर म्हणाला, "अभ्यास करायलीस का झोपायलीस?" आणि पत्त्यांचा जोड माझ्यापुढे सरकवला.

एका हातानं जोड कापायचा म्हणजे पत्ते बोटांच्या टोकांवर उंच धरायचे. अंगठा जरा सैल सोडला की खालचा अर्धा जोड तळहातावर पडतो. मग तर्जनीनं त्याला खालून वर ढकलायचं, की वरचा अर्धा आपोआप खाली येतो. मामाचा उजवा हात हे इतकं सफाईनं करायचा की बघत राहावं. त्याला मात्र दोन्ही हातांनी एकाच वेळी जोड कापायचा होता, आणि डावा हात काही केल्या साथ देत नव्हता. डाव्या हाताची तर्जनी आधीच आत वळून फळीसारखी आडवी व्हायची. पत्ते पडायचे ते बोटावर, तळहातावर नाहीच. मग दोन्ही अर्धे मधेच एकमेकांत रुतून बसायचे. रोज दुपारी, शंभरदा. सगळ्यात वाईट म्हणजे मी त्याच्याकडे बघूनच शिकले, त्यामुळे माझंही बोट तसंच वळायला लागलं. माझं चार आठवड्यांत सरळ झालं. त्याचं का होत नाही, हे मला कळेना.

ते कळलं एका गिऱ्हाइकामुळे. त्यानं स्क्रू मोजून मागितले. मामानं ते उजव्या हातात घेतले आणि डावा हात रिकामा असून मोजायला गल्ल्यावर ओतले. मी विचारलं तेव्हा म्हणाला, लहानपणी आप्पा रोज बजावायचे, ज्या तळहातावर लिंग ठेवून पूजा करायची तो तळहात उष्टा करू नको. आम्ही लिंगायत, घरात इष्टलिंग, म्हणजे गळ्यात बांधायचं छोटं शिवलिंग, डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात, पण त्या हातावर दुसरं काहीच ठेवायचं नाही असा अर्थ कुणी काढला नव्हता. आप्पा स्वतः त्या हातावर खुशाल सुपारी घ्यायचे. मुलानं मात्र वडिलांचा शब्द जन्मभर पाळला, त्या हातावर कधी सुट्टे पैसे घेतले नाहीत की फुटाणे नाहीत. त्या हातावर पत्ते पडू देणं त्याच्या बोटाला मान्य नव्हतं, डोक्याला असलं तरी.

मी तेव्हा अठराची, सगळ्या जगाला दुरुस्त करायला निघालेली. दुकानातलीच पाइपची पट्टी कापून मी त्याच्या तर्जनीला काळ्या टेपनं बांधली, वळूच नये म्हणून. दुसऱ्या की तिसऱ्या प्रयत्नात खालचे पत्ते थपकन तळहातावर पडले. मी लगेच टेप सोडली, त्यानं बोटानं ढकललं आणि जोड कापला गेला. मामा माझ्याकडे बघून नुसता हसत होता. मला वाटलं, सुटला एकदाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोरीत किती तरी वेळ हात धूत होता. पूजेला बसला, पण लिंग डाव्या हातावर घेईना. आप्पांना दिसायचं कमी, पण सगळं कळायचं. त्यांनी काय झालं विचारल्यावर मामानं पत्त्यांपासून टेपपर्यंत सगळं सांगून टाकलं. मी दाराआड उभी होते, मेल्याहून मेल्यासारखी. आप्पा काही रागावले नाहीत. त्यांनी मामाचा हात चाचपला, तळव्याला भस्म लावलं आणि म्हणाले, "धुतलास न्हवं? मग ठेव की. एवढं काय त्यात."

म्हणजे झालं होतं. अडवणारं कुणी उरलं नव्हतं. मी त्याच दुपारी पट्टी आणि टेप काढली तर मामानं हात मागे घेतला. "आप्पानं सोडलं गं," तो म्हणाला, "पण मला न्हाई सुटत." मी चिडले. तुला अडकूनच राहायला आवडतं, असं फाडकन बोलले. पाइपांच्या मधोमध बसलेल्या माणसाला, ज्यानं माझ्या पडत्या काळात मला एकदाही मार्क विचारले नव्हते. त्यानं चहा मागवला. त्या बोलण्याची माफी मी कधी मागितली नाही, आणि आता मागणार तरी कुणाकडे.

पुढे मी नांदेडला गेले, नोकरी लागली, आप्पाही गेले. दर भेटीत मामा दोन्ही हात पुढे करायचा. उजवा सुटायचा, डावा अडायचा. मी त्याचं बोट धरून सरळ करायची, सोडलं की ते पुन्हा आत. गेल्या दिवाळीतही हेच झालं.

मी पोचले तेव्हा मामाला अंघोळ घालून, भस्म लावून भिंतीला टेकून बसवलं होतं. आमच्यात बसवूनच पुरतात. मामीनं हळूच सांगितलं की पत्ते गल्ल्यापाशी खाली विखुरले होते, तिनं गोळा करून ठेवलेत. तेवढ्यात विधी करायला आलेल्या स्वामींनी मामाचा डावा हात मांडीवर उताणा करून त्यावर लिंग ठेवलं. तर्जनी आत वळलेली. त्यांनी ती सरळ केली, ती पुन्हा वळली. दोनदा, तीनदा. मामी म्हणाली, "हिला करू द्या. हिला त्या बोटाची सवय हाय."

मी पुढे होऊन बसले. बोट थंड होतं. ते सरळ करायला अंगठा टेकवला... आणि केलं नाही. उलट तळहात तिरका होऊन लिंग कलत होतं, म्हणून ते बोट आणखी थोडं आत घेतलं, लिंगाला टेकवून ठेवलं. हात काढून घेतला. लिंग जागचं हललं नाही.

"बसलं नीट," स्वामी म्हणाले, आणि पुढचा विधी सुरू केला.