बाजारपेठ क्लबची वही

मी गाव सोडलं त्या सकाळी गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर आईवडिलांबरोबर दत्ताअण्णाही आले होते. तुम्ही सगळे त्यांना ओळखता, पण माझ्यासारखं बाहेर गेलेलं कुणी वाचत असेल म्हणून सांगतो. अण्णा टेलर. आपला बाजारपेठ फुटबॉल क्लब त्यांनी उभा केला, पहिल्या अकरा जर्सी स्वतः शिवल्या. आठवडी बाजार झाला की पटांगणावरचे सडके टोमॅटो वेचायलाही तेच पुढे.

गाडीच्या खिडकीतून त्यांनी माझ्या हातात एक जाड वही दिली. पहिल्यापासूनची प्रत्येक मॅच तीत होती. गोल कुणी मारला, नाक कुणाचं फुटलं, सगळं.

"तू कॉम्प्युटरातला माणूस. टाईप करून आण, क्लबचं पुस्तक काढू," अण्णा म्हणाले.

"जपून ठेव रं. दुसरी न्हाई," वडील म्हणाले.

नोकरी नवी मुंबईत महापेला, राहायला कोपरखैरण्यात चौघांत एक खोली. रोज दोन पानं टाईप करायची ठरवलं होतं. एकही केलं नाही. अण्णांचा फोन आला की म्हणायचो, "चालू आहे." पुढं लग्न झालं, खारघरला सोसायटीत फ्लॅट घेतला. शिफ्टिंगच्या गडबडीत मीनलनं, माझ्या बायकोनं, विचारलं, "हा बॉक्स ठेवायचा की रद्दीत?" मी मोबाईलवरची नजरही न काढता म्हटलं, "दे टाकून." आठवड्यानं आठवलं, वही त्याच बॉक्समध्ये होती. रद्दीवाल्याकडे धावलो, पण माल कधीच पुढं गेला होता.

तरी फोनवर "चालू आहे" चालूच राहिलं.

गेल्या वर्षी अण्णा भाचीच्या लग्नाला वाशीला आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थेट आमच्या घरी. नजर अधू झालेली. म्हणाले, "एखादी मॅच वाचून दाखव की."

मी लॅपटॉप उघडला. कोऱ्या स्क्रीनकडं बघत बेळगावविरुद्धची फायनल रचायला लागलो. बंडूचा पास, सलीमचा हेडर, आपण दोन-एकनं जिंकलो. मीनल चहा घेऊन दारातच थांबली. तिला सगळं ठाऊक होतं.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी बंडूचा बा वारला. सगळा संघ मातीला गेला. मॅच झालीच न्हाई, बाळ."

मी लॅपटॉप मिटला.

"वही कुठं हाय?"

"हरवली, अण्णा." रद्दीत घातली, हे तेव्हाही तोंडातून निघालं नाही. ते "बरं" म्हणाले, चहा प्याले आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली.

यंदा क्लबच्या वर्धापनदिनाला तुम्ही मला बोलावलंत. स्टेजवरून अध्यक्ष म्हणाले, "वाशीहून परत आणताना अण्णा वही एसटीत विसरले नसते, तर आज आपलं पुस्तक आलं असतं!" सगळे हसले. पहिल्या रांगेत बसलेले अण्णाही हसले. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मग मुंबईचे पाहुणे म्हणून माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. मी दोन्ही घेतलं आणि खाली उतरलो.

वही अण्णांनी हरवली नाही. मी टाकली, आणि वर खोटं बोललो. काल त्यांना फोन करून सांगितलं, की आता सगळ्यांना कळवतोय. म्हणाले, "कशाला रं? म्हाताऱ्याला हसलेत, हसू दे." मी ऐकलं नाही. हे पत्र क्लबच्या फळ्यावर लावा.

इकडं कुणी गाव विचारलं की मी छाती काढून सांगतो. तिकडं आलो की अण्णांच्या दुकानासमोरून जायचं टाळतो, मागच्या गल्लीनं फिरून घरी जातो. गणपतीला येतोय. या खेपेला समोरूनच येईन. कुणी हाक मारली नाही तरी चालेल.