तारवाल्यानं वापस धाडलेली चूक

मंडळी, जूनपासून शाळेत पोरींना कोडिंग मलाच शिकवायचंय, म्हणून नवख्यांसाठी चांगलं काय असं मी इथं विचारलं होतं. तुम्ही ढिगानं लिंका दिल्या. महिनाभर व्हिडिओ पाहिले, वही भरली. आज पहिल्यांदा स्वतः चार ओळी लिहिल्या तर स्क्रीनवर लाल अक्षरांत चुकाच चुका! वैतागून लॅपटॉप मिटला आणि घरापुढच्या ओट्यावर येऊन बसले.

शेजारचे देवराव आबा तिथंच होते. पन्नासच्या दशकात ते कारंज्याच्या तार ऑफिसात तार पाठवायला शिकले. मी विचारलं, "आबा, तुमी कोणत्या पुस्तकातून शिकले?"

"पुस्तक तं पाठ होतं, माय. पण तारेच्या यंत्रावर हात चालेना. मंग ऑफिसातल्या मास्तरनं दुसऱ्या गावच्या तारवाल्याले सांगितलं. मी रोज एक ओळ धाडो, अन् त्याले जे पोचलं तेच तो वापस धाडे."

"हासे का तो?"

"नाही वो. दुरुस्तबी नाही करे. माही चूक जशीच्या तशी माह्यापुढं. दोन महिन्यांत हात बसला. त्याचं तोंड मी कदी पाह्यलं नाही, पण माहा खरा गुरू तोच."

उठले, लॅपटॉप उघडला. लाल अक्षरं तिथंच होती. ती हसत नव्हती, फक्त कुठल्या ओळीत चुकलं ते सांगत होती. एकेक ओळ दुरुस्त करत गेले, अन् सातव्या खेपेला स्क्रीनवर माझ्या वर्गातल्या पोरींची नावं ओळीनं उमटली.

लिंका आता पुरे. त्यापेक्षा सांगा, न हसता तुमची चूक तुम्हाला परत धाडणारं कोण भेटलं होतं?