छत्रीवाल्या आजोबांचं पुनरागमन

दुसऱ्याच्या परत येण्याची वाट आमच्या मेव्हण्याइतकी जीव टाकून पाहणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणी दाखवला, तर त्याला मी स्वखर्चाने तांबडा-पांढरा खाऊ घालीन. अडचण एवढीच की मेव्हणा ज्यांची वाट पाहतो ती माणसं मुळात जन्मालाच आलेली नाहीत. ती राहतात मारामारीच्या एका व्हिडिओ गेममध्ये. दर काही वर्षांनी त्या गेमचा नवा भाग निघतो, जुन्या लढवय्यांपैकी काहींना कंपनी ठेवते, काहींना नारळ देते, आणि नारळ मिळालेल्यांतलं कोण परत येणार याचे अंदाज बांधण्यात मेव्हण्याचं अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं अर्धं उचगावातल्या त्याच्या फ्लेक्स छापण्याच्या दुकानात जातं. वयाची पंचेचाळिशी उलटली, समोरचे केस गेले, पण गेमची नवी झलक आली की हा गडी दुकानाचं शटर अर्धं ओढून, भर दुपारी फटफटीवरून आमच्या दारात हजर. चप्पल एक उंबऱ्याबाहेर, एक आत. "दाजी, सोडा ती कामं! येतोय म्हंजे येतोयच!"

त्या लढवय्यांना भारदस्त परदेशी नावं आहेत म्हणे, पण आमच्याकडे त्यांचं बारसं स्टँडामागच्या गेम पार्लरमध्ये फार पूर्वीच झालंय. आगवाला, टकल्या, कुऱ्हाडवाली मावशी, छत्रीवाला म्हातारा. मेव्हणा त्यांच्याविषयी बोलतो ते भावकीतल्या माणसांविषयी बोलावं तसं. झलक तो जागोजागी थांबवून बघतो. एकदा त्याने टीव्हीला नाक लावून मला विचारलं, "त्या मागच्या भिंतीला काय टेकवलंय, सांगा." मी म्हटलं, केरसुणी असेल. तो इतका दुखावला की चहा अर्धा ठेवला. "केरसुणी? दाजी, छत्री हाय ती, छत्री! उगंच ठेवत्यात व्हय? परतणारा माणूस आधी असाच गावात कुठंतरी दिसतोय." दुसऱ्या एका रविवारी मिसळ खाताना त्याने पावाचे तुकडे ताटलीच्या कडेने मांडले आणि कोण आत, कोण बाहेर हे मला समजावू लागला. मीही मन लावून ऐकत होतो. मन लावून ऐकताना माझा हात आपोआप चालतो. तो एकदम ओरडला, "दाजी, तुम्ही आगवाला खाल्लासा!" शेजारच्या टेबलावरचे पाहुणे उठून माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी घाईघाईने टकल्याही गिळला.

पण आगवाला, टकल्या हे नुसतं तोंडी लावणं. मेव्हण्याचा खरा जीव छत्रीवाल्या म्हाताऱ्यात, आणि त्याचं कारण म्हणजे माझे सासरे. त्याचे आबा. आबा एसटीत, हुपरीच्या गाडीवर ड्रायव्हर होते. शाळा बुडवून पार्लरमध्ये रमलेल्या पोराचा कान धरायला ते एकदा खाकी कपड्यांतच आत शिरले. मशीनची दांडी दिसली, तसा कान सोडून त्यांनी विचारलं, "ह्यो गिअर कसा टाकायचा?" पडद्यावरचे सगळे लढवय्ये उघडेबंब, अंगभर कपडे घातलेला एकटा छत्रीवाला म्हातारा. "ह्यो जरा घरंदाज दिसतोय," म्हणून आबांनी तो निवडला आणि त्याच्या छत्रीने लेकाला असा बडवला की घरी नेऊन मारायचं राहूनच गेलं. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी बापलेक जोडीने पार्लरला. एरवी दोघांचं बोलणं म्हणजे "जेवलास?" आणि "व्हय." पण छत्री उघडली की दोघांच्या तोंडाला कुलूप नसे.

मग कंपनीने म्हाताऱ्याला नारळ दिला. "आपला माणूस न्हाय तर मी कशाला?" म्हणून आबा उठले ते उठलेच. मेव्हण्याने जुना गेम कुठूनतरी पैदा करून घरी आणला, तर म्हणाले, "शिळं नगं." गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. पेपर हातात, पण पान उलटत नाहीत. "जेवलास?" हेही बंद झालं. छत्रीवाला परत आला की आबाही परत येतील, असं मेव्हण्याने मनात धरलं होतं. हे तो बोलला नाही; माझ्या बायकोने ओळखलं. बहीण आहे त्याची. मला त्या वेळीही गेमची गोष्ट गेमचीच वाटत होती, पण माझं सोडा, मला बटण कुठलं दाबायचं तेही कळत नाही.

अखेर कंपनीने जाहीर केलं, रविवारी सकाळी एक जुना चेहरा दाखवणार, आणि नवा गेम लगेच खेळायलाही देणार. झालं! शुक्रवारीच आमच्या चौकात बारा फुटी फ्लेक्स लागला: 'छत्रीवाले आजोबा यांच्या पुनरागमनाबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेला मी. मी धावत जाऊन विचारलं, अरे, अजून नाव कुठं आलंय? तो शिडीवरूनच म्हणाला, "नेता येऊन गेल्यावर फ्लेक्स लावत्यात व्हय, दाजी?" जुन्या गेममधलं एवढंसं चित्र ताणून मोठं केल्यामुळे आजोबांच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले होते, आणि लांबून बघितलं तर ते थेट आबांसारखे दिसत होते. दोन दिवस लोक मला अडवून विचारत होते, "पावणं, कुठल्या वॉर्डातनं उभं हायत हे?"

रविवारी सगळे मेव्हण्याच्या घरी टीव्हीसमोर. आबांची खुर्ची मेव्हण्याने खिडकीपासून उचलून आणलेली. पडद्यावर अंधार, पावसाचा आवाज, आणि फट्‌दिशी छत्री उघडली! मेव्हणा जो उडाला तो माझ्या पायावरच उतरला. मीसुद्धा ओरडलो, अर्धं आनंदाने, अर्धं पायामुळे. छत्री हळूहळू वर झाली. खाली एक पोरगी. विशीची, ताठ मानेची. मागे भिंतीवर म्हाताऱ्याचा फोटो. ती त्याची नात होती.

मेव्हण्याचं तोंड बघवत नव्हतं. "आबा," तो कसाबसा म्हणाला, "आजोबा न्हाय आले."

आबा खुर्चीत पुढे सरकले. "डाव तेच हायत का?"

"डाव तेच. छत्रीबी तीच."

"मग झालं की. त्याचं गुडघं गेलं असतील." आणि हात पुढे केला. "आण हिकडं तो गिअर."

त्या दिवशी आबांनी नातीच्या छत्रीने मेव्हण्याला बडवलं, मला बडवलं, माझ्या बायकोला "तू लेक हायस" म्हणून थोडक्यात सोडलं. जेवणाची पानं मांडली तेव्हा न राहवून लेकाला म्हणाले, "जेवून घे, मग परत ये मार खायला."

आता दर रविवारी हेच चालतं. आबांना बटण दाबायला उशीर होतो, तरी साऱ्या उचगावला हरवणारा आमचा मेव्हणा त्यांच्यापुढे न चुकता हरतो आणि म्हणतो, "ह्यो रिमोटच खराब हाय." फ्लेक्स मात्र त्याने काढला नाही, खाली 'नातीचेही स्वागत' एवढी एक पट्टी चिकटवली. ऊन लागून लागून आजोबांचा चेहरा पार विरलाय. माझा तर गॉगलसुद्धा गेला. छत्री तेवढी काळीभोर राहिली आहे, आणि परवा मी पाहिलं, चौकातून जाताना मेव्हण्याने तिच्याखाली फटफटी जरा हळू केली.