भट्टीला टांगलेलं कार्ड

लेलंड वेस्कॉटला घर तापवणारी तेलावरची भट्टी सहसा उघडून बघावी लागत नसे. तळघराच्या पायऱ्या उतरतानाच, आवाजावरून आणि वासावरून, तिचं काय बिनसलंय ते त्याला कळे. एक्केचाळीस वर्षं तो हेच करत आला होता. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या किनाऱ्यावर सप्टेंबर सरला की त्याची निळी व्हॅन दारोदार फिरायला लागे. तेल फवारणारं नोझल बदल, तेल गाळणारा फिल्टर बदल, धुराड्यातली काजळी झाड, ज्योत तपास, आणि शेवटी भट्टीला तारेनं टांगलेल्या कार्डावर काय काय केलं ते लिहून तारीख आणि सही. या कार्डाला गावात भलता मान. घर घ्यायला आलेला माणूस स्वयंपाकघर नंतर बघे, आधी तळघरात जाऊन कार्ड वाचे. त्यावर लेलंडची सही दिसली की पुढे चकार शब्द काढत नसे.

त्या ऑक्टोबरात सकाळीच त्याला कोरीनचा फोन आला. कोरीन म्हणजे व्हर्ना बील यांची मुलगी, पोर्टलंडला असते. आणि व्हर्ना बील म्हणजे लेलंडच्या चौथीच्या बाई. आता चौऱ्याऐंशीच्या, घरात एकट्या.

"लेलंड, खरं सांग हं. आईला पाठीशी घालू नकोस," कोरीन म्हणाली. "आठवड्यात भट्टी सहा वेळा बंद पडली म्हणे, आणि दर वेळी तिनं ते पुन्हा पेटवायचं लाल बटण दाबलं. मला विचारशील तर कितीदा दाबलं हेच तिला आठवत नसणार. डोकं चालेनासं झालं असेल तर नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआत मी तिला इकडे आणते. घर विकून टाकू."

"बघतो," लेलंड म्हणाला. लाल बटणाचा नियम तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो: एकदाच दाबायचं. पेटली तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं लेलंडला फोन. जे थंडीनं कावून पुन्हा पुन्हा दाबत बसतात, त्यांच्या भट्टीत तेल साचतं, आणि मग ती पेटते तेव्हा असा भडका उडतो की वरच्या मजल्यावरचे पडदेसुद्धा काळे होतात.

बाईंनी दार उघडलं. अंगावर दोन स्वेटर.

"पाय पूस. आणि उशीर झालाय तुला."

"दहा मिनिटं, बाई."

"चौथीतही दहाच मिनिटं असायची."

तळघरात त्यानं आधी बर्नर सोडवून आत बॅटरी मारली. कोरडं ठणठणीत! तेलाचा एक थेंब साचलेला नव्हता. मग त्यानं कार्ड उलटून पाहिलं आणि त्याला हसूच फुटलं. मागच्या बाजूला पेन्सिलीनं, फळ्यावरच्यासारख्या रेखीव अक्षरात सहा ओळी होत्या. सहा दिवस, सहा तारखा, सहा वेळा, आणि प्रत्येक ओळीपुढे: 'एकदाच दाबलं. पेटली.' पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी. म्हणे डोकं चालत नाही! कोरीनचं चालत नसेल.

मग भट्टी बंद का पडत होती? त्यानं तेलाच्या नळीवरचा फिल्टर उघडला. आत डांबरासारखा काळा गाळ गच्च भरला होता. एका वर्षात एवढा गाळ साचत नाही. फिल्टरच्या डब्यावर तारीख लिहायची त्याची जुनी सवय. त्यानं डबा उजेडात धरला. तारीख त्याच्याच हातची होती, पण दोन वर्षांपूर्वीची. आणि कार्डावर मात्र गेल्या ऑक्टोबरात लिहिलेलं होतं: फिल्टर बदलला. खाली त्याचीच सही.

त्यानं बॅटरी इकडेतिकडे फिरवली. टाकीमागच्या कट्ट्यावर नव्या फिल्टरचं खोकं होतं, सीलसुद्धा न फोडलेलं. आणि त्याला आठवलं. गेल्या वर्षी त्यानं ते खोकं काढून तिथे ठेवलं तेवढ्यात बाईंनी हाक मारली होती, कॉफी निवतेय म्हणून. काकवीची बिस्किटं होती. वरून परत आल्यावर त्यानं थेट कार्ड भरलं आणि निघाला.

लेलंड उपड्या बादलीवर बसला. त्याच्या बापाचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग औजारं, आणि शेवटी लेलंडचंच नाव. त्याला भीती वाटली, अगदी लहान मुलाला वाटते तशी. एकशे ऐंशी घरांतल्या कार्डांवर त्याची सही होती.

खोकं पिशवीत टाकलं असतं तर कोणाला कळणार होतं? तेल खराब आलं म्हणायचं. या धंद्यात सगळे तेच म्हणतात. त्यानं खोकं पिशवीत घातलंही. तेवढ्यात पायऱ्या वाजल्या.

"काय निघालं?" कठडा धरून उतरत बाईंनी विचारलं.

झालं. चौथीच्या बाईंसमोर थाप मारायची त्याची छाती तेव्हाही नव्हती, आताही नव्हती. त्यानं खोकं बाहेर काढलं.

"अय्या, ते होय! मला वाटलं जास्तीचं ठेवून गेलास. दर महिन्याला पुसत होते मी."

"जास्तीचं नाही, बाई. तेच घालायचं होतं. मी विसरलो. आणि घातलं म्हणून लिहून ठेवलं." "बाबांचं पण असंच सुरू झालं होतं."

बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मग त्यानं तिथूनच फोन लावला.

"कोरीन, तुझ्या आईनं बटण एकेकदाच दाबलंय, तारीखवार लिहूनसुद्धा ठेवलंय. विसरलो तो मी. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नकोस. तिचं घर विकायचं कारण नाही."

"मग पुढच्या वर्षी भट्टी कोण बघणार?" कोरीननं हळूच विचारलं.

शेजारी उभ्या बाईंना ते ऐकू आलं. त्यांनी त्याच्या हातातून फोन घेतला. "हाच बघणार. आणि मी तपासणार," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

मग त्यांनी कार्ड तारेवरून काढलं, गेल्या वर्षीच्या 'फिल्टर बदलला'वर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि बाजूला त्याला सही करायला लावली. पायरीवर बसून चष्मा नाकावर चढवला.

"हं, कर सुरुवात. मी कार्डावरचं एकेक वाचते."

लेलंडनं कामाला हात घातला. तासाभरानं पायरीवरून आवाज आला.

"नोझल?"

"बदललं, बाई."

"धुराडं?"

"झाडलं."

"फिल्टर?"

"बदलला."

"दाखव."

तो बाजूला सरकला आणि त्यानं उजेड धरला. बाई उठल्या, वाकल्या, डब्यावरची आजची तारीख मोठ्यानं वाचली, आणि मगच सहीसाठी पेन्सील त्याच्या हातात दिली.