कापे चेंडू, बरके चेंडू

मुलुंड पूर्वेला एका मंडळाची दोन टेनिस कोर्टं होती, तांबड्या मातीची. कोर्टं दोन आणि कमिटीत माणसं अकरा! या अकरांपैकी एकालाही चुन्याची रेघ सरळ ओढता येत नव्हती, ही गोष्ट वेगळी. भल्या सकाळी कोर्टावर पाणी मारणं, छोटा रूळ फिरवणं, रेघा ओढणं, जाळी ताणणं आणि चेंडू सांभाळणं, हे सगळं सुगंधा परब एकटी करायची.

सुगंधाबाई कणकवलीकडची. नवरा लवू परळच्या गिरणीत कताई खात्यात होता. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणीनं त्याला परत बोलावलंच नाही, आणि पुढे तो एका औषधाच्या कारखान्यात वॉचमन लागला. सुगंधाबाईंनी मात्र कोणी बोलावण्याची वाट बघितली नाही. मंडळाला माणूस हवा आहे असं कानावर आलं, तशा त्या पदर खोचून सरळ सेक्रेटरींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माणूस हवाय म्हणे. बाई चालेल का?" सेक्रेटरी विद्याधर राजाध्यक्ष चहा पीत होते. त्यांना ठसका लागला. ठसका जाईपर्यंत बाईंनी खराटा हातात घेतला होता.

चेंडूंबद्दल त्यांना एवढंच सांगण्यात आलं होतं, की संध्याकाळी मोजायचे आणि टोपलीत टाकायचे. पण बाईंचा स्वभाव मोजून गप्प बसण्याचा नव्हता. महिनाभरात त्यांच्या लक्षात आलं, की टोपली एक असली तरी आतला माल एक नाही. एक चेंडू टाकला की कमरेपर्यंत उडतो, दुसरा गुडघ्याशीच दम टाकतो. एकाचे केस झिजलेले, तो मातीवरून सुसाट घसरत जातो. दुसऱ्याचे केस फुललेले, तो हवेत रेंगाळतो. आणि सभासद काय करायचे, जो आधी येईल तो हाताला लागतील ते चेंडू उचलायचा. कोपर दुखणारे सत्तरीचे काका टणक नव्या चेंडूनं खेळून हात चोळत बसायचे. आठ वर्षांची नवशिकी मुलगी त्याच चेंडूमागे धावायची, तो तिच्या डोक्यावरून निघून जायचा, आणि चौथ्या दिवशी ती येणं बंद करायची. दोन पोरी अशा गेल्या तेव्हा सुगंधाबाईंना मनापासून वाईट वाटलं. मग रागही आला.

बाईंच्या वडिलांची फणसाची झाडं होती. फणस कोयत्याच्या पाठीनं ठोकून आवाज ऐकायचा आणि अंगठ्यानं दाबून बघायचा, हे शिक्षण त्यांना शाळेच्या आधी मिळालं होतं. कापा फणस टणक, गरे करकरीत. बरका मऊ, गरा घशातून आपसूक उतरणारा. वडिलांच्या लेखी दोन्ही चांगले. कोणाला कोणता द्यायचा हे कळलं म्हणजे झालं. दात पडलेल्या म्हाताऱ्याला कापा दिला तर तो शिव्या घालणार, आणि फणसाच्या रसाच्या सांदणांसाठी कापा आणला तर घरची बाई.

तर एका सकाळी कोर्टाच्या कडेला एका टोपलीच्या तीन टोपल्या झाल्या. प्रत्येक चेंडू बाईंनी अंगठ्यानं दाबला, खांद्याच्या उंचीवरून टाकला, कान देऊन ऐकला. टणक ते कापे, जोरात खेळणाऱ्यांना. मऊ ते बरके, शिकणाऱ्यांना. मधले होते ते डबल्स खेळणाऱ्या काकामंडळींना. जे अगदीच गेले ते गल्लीतल्या क्रिकेटला. सभासद हसले. "काय सुगंधाबाई, आज गरे की चेंडू?" असं रोज कोणीतरी विचारायचंच. बाई म्हणायच्या, "खेळून बघा, मग दात काढा." काकांचं कोपर दुखायचं थांबलं आणि नवशिक्या पोरी टिकल्या. हसणारे तरीही हसतच राहिले. कारण कळलं तरी कबूल करायचं नाही, यासाठीच माणूस सभासद होत असावा.

शहाऐंशी साली मंडळाला पहिल्यांदाच मोठी स्पर्धा भरवायला मिळाली, भाऊबिजेनंतर, तीन दिवसांची. राजाध्यक्षांची छाती फुगली. त्यांनी चोवीस डबे चेंडू मागवले, पत्र्याचे, हवाबंद, एकेका डब्यात तीन. डबे आले ते नेमके खंडेनवमीच्या आदल्या दिवशी.

खंडेनवमीला मंडळात पूजा असायची. रॅकेटी, रूळ, खराटे, पाण्याचा पाइप, सगळं मांडलं गेलं. राजाध्यक्षांनी हुकूम सोडला, "डबे उघडा. चेंडू ताटात रचा."

सुगंधाबाईंनी हात मागे घेतला. "साहेब, डबे बंदच ठेवू या ना. स्पर्धेला तीन-साडेतीन आठवडे आहेत. आत्ता उघडले तर तोवर दम निघून जाईल."

"बाई, बंद डब्याची पूजा कसली करता? देवाला नारळसुद्धा सोलून देतात."

"फोडतात तो त्याच दिवशी खायला, साहेब."

चारचौघात हे राजाध्यक्षांना लागलं. "तुम्ही झाडायचं काम बघा," ते म्हणाले आणि स्वतःच डबे उघडायला बसले. फुस्स, फुस्स, फुस्स. चेंडूंचा पिवळाधमक ढीग झाला, झेंडूत झेंडूच जसा. राजाध्यक्षांनी आपल्या हातानं एकेका चेंडूला हळद-कुंकू लावलं, ठसठशीत, बोटाचं टोक उमटेल असं. या गडबडीत शेवटचे चार डबे सुगंधाबाईंनी उचलले आणि शेडमध्ये चुन्याच्या पोत्यांमागे ठेवून दिले. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेही फुटले असते.

घरी लवूला मात्र सांगितलं. तो घाबरला. "तुका काय पडला असा? साहेब सांगतत तसा करूचा. उद्या चोर ठरवतीत तुका!"

"ठरवूंदेत. मेलेलो चेंडू जिवंत होणा नाय," बाई म्हणाल्या आणि पोळ्या लाटू लागल्या. पण लवूचे शब्द त्यांच्या मनातून गेले नाहीत. पुढचे तीन आठवडे चुन्याचं पोतं हलवताना त्यांचा हात दर वेळी थबकायचा.

स्पर्धेची पहिली सकाळ. मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर, सगळं झकास. घाटकोपर, बोरिवली, अंधेरीहून खेळाडू आले होते. पंच म्हणून अनंत वेलणकर आले होते, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. पहिला सामना सुरू झाला आणि चौथ्या गेमला घाटकोपरच्या खेळाडूनं रॅकेट खाली केली. "हे चेंडू उडतच नाहीत हो. हा काय प्रकार आहे?" चेंडू बदलले. तेही तसेच. भद्द, भद्द. मांडवात कुजबुज सुरू झाली. अशा चेंडूंवर स्पर्धा होऊ शकत नाही, असं दोघातिघांनी मोठ्यानं म्हणूनही टाकलं.

राजाध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं, सगळ्यात जवळचा गरीब माणूस शोधला. "नवे कोरे चेंडू होते! सांभाळायला हिच्याकडे दिले होते. हिनं बदलले असणार. जुने ठेवून नवे विकले."

एक उत्साही सभासद धावत शेडमध्ये गेला आणि चार बंद डबे छातीशी धरून आला. "हे बघा! पोत्यांमागे लपवले होते!"

सगळ्यांच्या नजरा सुगंधाबाईंकडे वळल्या. त्या चुन्याचा डबा हातात घेऊन उभ्या होत्या. तीन वर्षं पहाटे येऊन ही माती लेकरासारखी सांभाळली, आणि आज तिच्यावरच चोर म्हणून उभं राहायचं! डोळे भरून आले. पण सुगंधाबाई रडल्या नाहीत. चुन्याचा डबा खाली ठेवून त्या सरळ कोर्टावर गेल्या, आत्ताच खेळून मेलेला एक चेंडू त्यांनी उचलला आणि राजाध्यक्षांच्या नाकासमोर धरला.

"बदलला म्हणता? मग हे कुंकू कोणाचं?"

चेंडूवर कुंकवाचा डाग होता. मातीनं मळलेला, पण ठसठशीत. बाईंनी दुसरा चेंडू उचलला, त्यावरही होता. टोपली उपडी केली. उरलेले सगळेच चेंडू कुंकू लावून मांडवभर घरंगळले.

"खंडेनवमीला तुमच्याच हातानं लावलंय, साहेब. जुळवून बघा बोट. मी काय घरी बसून चेंडूंचं हळदीकुंकू करत होते?"

मांडवात कोणीतरी खो खो हसलं आणि मग ते हसू पसरतच गेलं. राजाध्यक्ष आपल्या बोटाकडे बघत राहिले.

"आणि हे चार डबे?" वेलणकरांनी शांतपणे विचारलं.

"तेवढेच वाचवता आले मला. विकायचे असते तर पोत्यामागे ठेवले असते का तीन आठवडे? उघडा, आणि तुम्हीच बघा."

वेलणकर पंचांच्या उंच खुर्चीवर चढले. एका हातात कुंकवाचा चेंडू, दुसऱ्या हातात आत्ताच फुस्स करून निघालेला नवा. दोन्ही एकदम सोडले. कुंकवाचा गुडघ्याच्या वर उठून बसला. नवा टण्ण करून उसळला, तो थेट खाली उभ्या राजाध्यक्षांच्या छातीपर्यंत. त्यांनी दचकून झेललासुद्धा.

वेलणकर खाली उतरले. "बाई, नवे बाराच आहेत. स्पर्धा तीन दिवसांची आहे. काय करायचं?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सुगंधाबाईंना हे विचारलं होतं. त्यांनी डोळे पुसले आणि पदर खोचला. "नवे सिंगल्सच्या सेमीफायनलला आणि फायनलला. बाकीचे मी आत्ता निवडते. उघडले सगळे एकाच दिवशी, पण सगळे सारखे मेलेले नसतात. पहिल्या फेऱ्यांपुरते कापे निघतील त्यात. मधले काकांच्या डबल्सला. बरके लहान मुलांना."

"कापे म्हणजे?"

बाईंनी सांगितलं. वेलणकर मिशीत हसले आणि बाईंसाठी स्वतः खुर्ची ओढून आणली. बाई खुर्चीवर काही बसल्या नाहीत, जमिनीवरच बसल्या. दाब, टाक, ऐक. दाब, टाक, ऐक. तासाभरात तीन ढीग तयार झाले आणि घाटकोपरच्या त्याच खेळाडूनं काप्यांच्या ढिगातला चेंडू दोनदा आपटून मान डोलावली.

स्पर्धा झाली, आणि अशी झाली की विचारू नका. दहा वर्षांखालच्या मुलांना बरका चेंडू असा मानवला, की एकेक रॅली वीस-वीस फटके चालली आणि मांडव टाळ्यांनी दणाणला. तिसऱ्या दिवसापर्यंत बाहेरचे खेळाडूसुद्धा बिनदिक्कत ओरडत होते, "बाई, कापा द्या!" फायनलच्या आधी वेलणकरांनी शेवटचा बंद डबा सुगंधाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो सगळ्यांसमोर उघडला. फुस्स! मांडवाच्या कडेला वॉचमनच्या गणवेशात उभ्या असलेल्या लवूनं एवढ्या जोरात शिट्टी वाजवली, की पंचांना ती बंद करायला सांगावी लागली.

राजाध्यक्षांनी त्या दिवशी माफी मागितली नाही. पुढेही बरेच महिने मागितली नाही. सेक्रेटरीला ते जड जातं.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी आली. रॅकेटी, रूळ, खराटे मांडले गेले. मधोमध नवे डबे, सगळे बंद. पूजेला बसायची वेळ झाली तरी राजाध्यक्ष बसले नाहीत. ते कुंकवाची वाटी घेऊन शेडच्या दारापर्यंत चालत आले.

"सुगंधाबाई, सगळे डबे बंद आहेत. एकदा बघून घ्या," ते म्हणाले. मग थोडं थांबून खालच्या आवाजात म्हणाले, "आणि कुंकू तुम्हीच लावा. माझं बोट... तुम्हाला माहीतच आहे."

सुगंधाबाईंनी हात धुतले, पुढे आल्या आणि पहिला डबा बोटाच्या पेरानं ठोकून कानाशी धरला.