अर्बनच्या होडीचा लाल पट्टा

वर्सोव्याच्या आयडाला सगळे 'स्टिकरवाली' म्हणतात. लग्न करून मासळीच्या घरात आली, पण टोपली काही तिला मानवली नाही. अंधेरीतल्या एका बोर्डाच्या दुकानात ती गिऱ्हाइकं सांभाळायला लागली, आणि कॉम्प्युटरवर बसणाऱ्याच्या खांद्यावरून बघत बघत रेघा ओढायला शिकली. आज तिथल्या पाट्या, गाड्यांवरची नावं, सगळं तिच्याच हातून जातं. शिकवलं कुणी नाही, याचा तिला थोडा तोराच आहे.

त्या आठवड्यात काम घरचं निघालं. नवऱ्याने, अर्बनने, भर उजेडात होडी धक्क्यावर आपटली होती. पुढची एक फळी बदलावी लागली. तेव्हापासून कोळीवाड्यात जो भेटेल तो विचारी, "काय रे अर्बन, ब्रेक लागतो का आता?" रविवारी फादर होडीला आशीर्वाद द्यायला येणार, सगळा पाडा जमणार. अर्बनचं एकच मागणं होतं, नवी फळी कुणाच्या नजरेत येऊ नये.

"पुढच्या टोकापासून, नाळेपासून, पार मागपर्यंत लाल पट्टा मारू," आयडा म्हणाली. "स्टेन्सिल मी कापते, रंग तू मार."

दुकानात तिने होडीचा फोटो पडद्यावर घेतला आणि काठाकाठाने रेघ ओढली. नेमकी यावी म्हणून फळीच्या प्रत्येक सांध्यावर बिंदू ठोकला. रेघ बरी दिसत होती. मग तिने वळण दाखवणारी सोय चालू केली, तशा रेघेवर बारीक काड्या उभ्या राहिल्या. वळण जास्त तिथे लांब, कमी तिथे आखूड. त्यांचे शेंडे ओहोटीच्या पाण्यासारखे सावकाश उतरत जायला हवेत. इथे प्रत्येक बिंदूपाशी ते दचकून उसळत होते.

"हे काय गं, बोंबलाचे काटे?" मागे उभा अर्बन म्हणाला.

"तुझ्या होडीची नाडी आहे. गप बस."

नेमकेपणासाठी ठोकलेले बिंदूच रेघेला टोचत होते. ती एकेक काढत गेली. उरलेल्या बिंदूंना वळण देणाऱ्या दांड्या हलकेच ओढल्या. शेंडे निवले. फक्त नाळेजवळचा एक उंचवटा हटेना.

"फळी तीच ना?" तिने विचारलं. अर्बनने मान खाली घातली.

"हिने पुरता बाक घेतलेला नाही. लाकडाच्या मागून गेले तर पट्टाच चुगली करणार."

"मग नको जाऊ ना तिच्या मागून."

"अरे, मग काठ आणि पट्टा यांच्यात कुठे कमी, कुठे जास्त फट दिसेल."

आयडाने सगळी रेघ धरून काठापासून वीतभर खाली आणली. एवढ्या अंतरात बोटभर फरक कोण मोजतो? नाळेजवळच्या उंचवट्याचा तो हट्टी बिंदूही तिने काढला. काड्या एका संथ उतारात निजल्या.

रविवारी पट्टा उन्हात ओला वाटावा इतका चकाकत होता. आशीर्वाद झाला, पाणी शिंपडलं गेलं. अर्बनचा भाऊ कीथ होडीभोवती फिरला, वाकला, पुन्हा फिरला. थट्टा करायलाच आला होता तो. शेवटी मधल्या एका जुन्या, धडधाकट फळीवर थाप मारून म्हणाला, "हीच ना रे बदललेली? लगेच कळते!"

अर्बनने आयडाकडे पाहिलं. ती पदराने तोंड पुसत होती.

"हो रे," अर्बन म्हणाला. "तुझ्यापासून काय लपणार?"