तीनशे अठराच्या पंचवीस पुंगळ्या

माझा भाऊ श्रीहरी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी उगाच हळहळायला नको. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात छत्तीस वर्षं फिटर होता. घरातला दरवाजा कुरकुरला तरी आधी फट मोजणार, मग शिव्या देणार. निवृत्त होऊन आरमोरीजवळच्या आमच्या गावी आला आणि वडिलांच्या रायफलीच्या मागे लागला.

आमचे वडील दसरू. शिकारी साहेबांना जंगलात वाट दाखवायचे. अडुसष्ट साली एका गोऱ्या साहेबानं जाताना त्यांना एक रायफल दिली, सोबत पाच काडतुसांची पेटी. परवानाही निघाला. ज्या गावात आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, त्या गावात आमच्या भिंतीवर रायफल! डुकरं धानात शिरली की पाटलाकडून बोलावणं यायचं आणि बाबा डुक्कर पाडून यायचे. श्रीहरी तेव्हा नऊ वर्षांचा. पाच काडतुसं, पाच डुकरं, ही कथा तो साठ वर्षांचा झाला तरी सांगायचा.

भांडण लावलं दिनेशनं. जुन्या पाटलाचा नातू, आमच्या शेताला लागून त्याचं शेत. चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाला, "श्रीहरीभाऊ, तुमच्या घरी बंदूक नाई, लाकूड आहे. ज्याले काडतूसच भेटत नाई, ते चुलीत घाला."

"तुह्या बांधावर एक बार काढून दाखवीन," श्रीहरी म्हणाला. "मंग बोल."

झालं. डुकरांसाठी वनखात्याची परवानगी काढायची आणि त्या बांधावर बापाची रायफल एकदा वाजवायची, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. परवान्यावर नळीचं माप लिहिलेलं, तीनशे अठरा बोर. असलं काडतूस आपल्याकडे कुठे मिळत नाही. चंद्रपूरचा बंदूकवाला पवन म्हणाला, "परदेशात एक जण जुन्या बोरांच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या बनवते. त्या मागवू. दारू-गोळी भरून घ्यायचं रीतसर पाहू."

मागवू म्हणे! तीन वर्षं गेली. अर्ज, दाखले, पुन्हा अर्ज. गडचिरोली जिल्ह्यातला माणूस परदेशातून काडतुसाचं पितळ मागवतो म्हटल्यावर पोलीस काय आरती ओवाळणार? दोनदा घराची झडती झाली. एका शिपायानं तर मी चाळीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना जमवलेली वाळकी पानं एकेक करून झटकली. "यात काय लपवलं, मॅडम?" म्हणे. कुड्याचं पान लपवलंय, बाबा, घेऊन जा.

"जमा कर ते लोखंड," मी श्रीहरीला सुनावलं.

"बाई, लोखंड नाई. तू बापाचं नाव जमा कराले सांगून राह्यली."

गेल्या फाल्गुनात पुंगळ्या आल्या. पंचवीस, नव्या घंगाळासारख्या चकचकीत. रायफल घेऊन तो चंद्रपूरला निघाला. मीही गेले. त्याला एकट्याला जाऊ द्यायची माझी हिंमत नव्हती. का, ते मलाच ठाऊक होतं.

पवननं एक पुंगळी रायफलीत सरकवली. लोट्यात चमचा खुळखुळावा तशी ती आत खुळखुळली. नळी उचलताच घसरून टेबलावर पडली. पवननं रायफलीचं लाकूड उतरवलं. नळीच्या पोटाला आकडा कोरलेला होता. "भाऊ, हे तीनशे तेहतीस आहे. परवान्यावर तीनशे अठरा कोणी लिवलं?"

कारकुनानं लिहिलं, पेटीवरून. साहेबाकडे दोन रायफली होत्या. बंदूक एकीची दिली, पेटी दुसरीची.

"फिटर न तुम्ही? कधी माप नाई घेतलं?" पवन म्हणाला.

"बापाच्या बंदुकीले माप लावू?" श्रीहरी ओरडला. बाबांनी त्या रायफलीच्या स्क्रूला कुणाला हात लावू दिला नव्हता. ते गेल्यावरही यानं लावला नाही. मग एकदम माझ्याकडे वळला. "मंग डुकरं कायनं मारली?"

"पाटलाच्या भरमार, ठासणीच्या बंदुकीनं. डुकरं आली की तो ती बाबांच्या हाती द्यायचा आणि काम झालं की परत घ्यायचा."

"तुले माहीत होतं?"

"होतं. बाबांनी अंगणात काडतूस घालून पाहिलं, ते असंच खुळखुळलं. पाचही वैनगंगेत टाकली. रायफल मात्र भिंतीवर टांगली. त्यानंतर पाटलाचा माणूस आपल्या दारात आवाज चढवून बोलला नाही. सांगू नको म्हणाले, मी सांगितलं नाही."

"तीन वर्षं मले नाचवलं तू."

"तू ऐकणार होतास?"

चूक माझीही होती, हे मला कळत होतं. पण त्या दुकानात कबूल करायला तोंड उघडेना. परतीच्या गाडीत तो पुढच्या सीटवर जाऊन बसला.

गावच्या फाट्यावर उतरलो तर मोटरसायकलवर दिनेश. "काय भाऊ, वाजली का?"

श्रीहरी खोळीतली रायफल धरून नुसता उभा. मला राहवेना. "दिनेश, लाकूड आहे म्हणतोस ना? उद्या सकाळी तुझ्या बांधावर उभा राहा. भाऊ समोरून घोडा ओढेल. राहतोस?"

तो हसला. खोळीकडे पाहिलं, पुन्हा हसला, यावेळी कमी. "मोठ्या बाई, तुमचं काईच्या काई असते. मले खत आणाले जायचं आहे." गाडीला लाथ मारून निघून गेला.

श्रीहरीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी येऊन कागद काढला आणि परवान्यातला बोर दुरुस्त करण्याचा अर्ज लिहायला बसला.

"रायफलच काढून घेतील," मी म्हटलं.

"घेऊ दे. माप खरं लिवाचं." हे तो कागदाला म्हणाला. माझ्याशी तो अजून बोलत नाही. अर्ज संपल्यावर ट्रंकेतून मायक्रोमीटर काढला आणि पंचवीसही पुंगळ्या एकेक करून मोजल्या.